उलटे आटे

हुसेन पिंजाऱ्याच्या भंगारात, मोडक्या सायकलींखाली
ग्राइंडर पडला होता, पोटावर.
काट्यावर भरला एकोणचाळीस किलो.
"दगडांचं वजन सोडून देतो, मास्तर."
रिक्षात शेजारी बसवून आणला धरणगावच्या उन्हातून,
एक हात त्याच्या खांद्यावर,
दवाखान्यातून सोडलेल्या माणसासारखा.

"हाई कसाले लई उनात?" सरलाने विचारलं.
मी ओट्यावर गोणपाट अंथरलं.

वर राखाडी रंग, त्याखाली हिरवा,
हिरव्याखाली तो तपकिरी लाल,
जो मी फक्त एकाच फाटकावर पाहिला होता,
खंडेराव जिनिंगच्या.
नावाची पट्टी कुणी उपसून नेलेली,
रिबिटांची दोन भोकं तेवढी, मिटल्या डोळ्यांसारखी.

उजवा नट एका हिसक्यात सुटला.
डावा नाही.
रात्रभर रॉकेल पाजलं. सकाळी पुन्हा.
सहाही कोपरे झिजून गोल,
आणि एका अंगाला छिन्नीचे तीन घाव:
उघडतोय समजून कुणीतरी आवळत राहिलेलं.
कोण गाढव, मी मोठ्याने म्हणालो.
सव्वीस वर्षं आयटीआयच्या फळ्यावर
पहिल्या दिवशी हेच लिहीत आलो,
डाव्या बाजूचे आटे उलटे.
पोरं वहीत उतरवून घ्यायची, आणि तरी चुकायची.

मग घावांचा कल बघितला.
उजव्या हाताने असे बसत नाहीत.
मी छिन्नी उचलली, डाव्या हातात, नुसती टेकवून बघितली.
तिन्ही जागी बसली.

हंगाम होता. कपाशीच्या गाड्या रस्त्यापर्यंत,
रोलरच्या सुऱ्या बोथट, फिटर ओरडतोय दगड बदल, दगड बदल,
आणि मी एकोणीसचा, कुणाला विचारायची लाज.
दुपारी विचारणा झाली तेव्हा
सुपडू बडगुजर मशीनपाशी उभा होता, हातात तेलाची कुपी.
तोच दिसला त्यांना.
मी सरकीच्या ढिगाकडे बघत राहिलो.
त्याला गाठी उचलायला पाठवलं, हंगाम संपेपर्यंत.
एवढंच. कुणी मेलं नाही.

बेरिंगं जळगावहून आणली.
वाइंडिंग शाबूत निघालं,
उंदरांनी फक्त वायरीची कातडी खाल्ली होती.
दगड सुतळीने टांगले, लाकडी मुठीने टकटक केली:
एक काशाच्या ताटासारखा वाजला,
दुसरा म्हणाला, ठप.
त्याचे हातोड्याने चार तुकडे केले,
म्हणजे मोह होऊन कुणी लावायला नको.
नवा दगड घेतला, बाजूला कागदाची चकती,
टेका आणि दगड यांत काडेपेटीच्या काडीएवढं अंतर.
नवा नटही करून मिळाला असता, भिकनच्या लेथवर.
कोपरे कानशीने काढले आणि तोच लावला.
घाव राहू दिले.

दादर कापणीला यायच्या आत
मी सुपडूला निरोप धाडला, विळे घेऊन ये.
तो आला, तीन विळे, सदऱ्याच्या खिशात चष्मा.
मशीनला एक फेरी मारली.
डाव्या नटावर अंगठा ठेवला, जरा जास्तच वेळ.
"पहिलं मिनिटभर समोर उभं राहायचं नाही," मी म्हणालो.
"माले माहीत शे," तो म्हणाला,
आणि बाजूला झाला.

बटण दाबलं. आधी हुंकार, मग एकसारखी शिट्टी,
मग विळ्याखालून पिवळ्या लांब ठिणग्या,
त्याच्या चपलांपर्यंत.
बटण बंद केल्यावरही दगड फिरत राहिला.
कुणीच बोललं नाही, तो पुरता थांबेपर्यंत.
मी तोंड उघडलं.
सुपडूने दुसरा विळा पुढे केला.